शेगडीला काय काय लावावं

डुकराची लांबी किती, असं केशव मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी दोन्ही हात पसरून दाखवले. ते त्याला कमी वाटले म्हणून आणखी ताणले, आणि खांद्यात कळ आल्यावर म्हणालो, "माझ्याएवढं धरा." केशव मिस्त्री शहापूरला वेल्डिंगचं वर्कशॉप चालवायचा. बोलायला कमी. त्याने कानावरचा खडू काढला, मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर एक रेघ मारली, टाचेशी एक मारली, टेप लावला आणि वर चार बोटं वाढवली. "चार बोटं कशाला?" मी विचारलं. "ठेवावी लागतात," तो म्हणाला. मी मान डोलावली. ज्या गोष्टी मला कळत नाहीत त्यांच्यावर मी जन्मभर अशीच मान डोलावत आलोय, आणि समोरच्याला वाटत आलंय की याला सगळं कळलं. डुक्कर मी कधी खाल्लं नव्हतं. जिवंत पाहिलं होतं ते मागून, आमच्या नाचणीतून पळताना, तेसुद्धा अंधारात डबा बडवत. वर्कशॉपच्या आवारात गेट होते, खिडक्यांच्या ग्रिल होत्या, टाकीचे स्टँड होते, आणि त्यांच्या पलीकडे काही लांबट सांगाडे एकावर एक रचलेले होते. तिकडे मी पाहिलं, पण नीट पाहिलं नाही. नीट बघून ये, एवढं एकच काम सांगून दादाने मला पाठवलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हिराजी. वडील लवकर गेले, मग आई गेली, आणि घरात दादा उरला. मी तेव्हा तिशी ओलांडलेला होतो, एका मुलीचा बाप होतो, शेणव्याला मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान चालवत होतो. पण घरात मी धाकटा होतो, आणि धाकट्याचं सुख काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. पेरणी कधी करायची, बैल ठेवायचे की विकायचे, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, हे सगळं दादा ठरवायचा, आणि मी ते ठरल्यावर त्यात चुका काढायचो. लोक आपल्या आठवणींत मोठं होण्याची गोष्ट शाळेच्या वर्गातच उरकून टाकतात. माझं मोठं होणं रेंगाळलं. ते एका पावसाळ्यात, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागल्यावर झालं. मध्ये ही शेगडी होती म्हणून तिच्याबद्दल एवढं लिहितोय. नाहीतर डुकराच्या शेगडीवर प्रकरण लिहायची हौस कोणाला असेल असं मला वाटत नाही.

दादा मुरबाडच्या एका कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. दादा काही महिने रोज सकाळी वेळेवर उठायचा, अंघोळ करायचा, डबा नसलेली पिशवी खुंटीवरून काढून परत खुंटीला लावायचा आणि ओटीवर बसायचा. वहिनीच्या भावाने भिवंडीला एका गोदामात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. पहारेकऱ्याची, राहायला खोलीसकट. वहिनीचं म्हणणं, जाऊ या. पोरांची शाळा तरी नीट होईल. दादाचं म्हणणं, दिवाळीपर्यंत बघतो, नाय जमलं तर येतो. आमचं एक शेत भातसा धरणाच्या पाण्याला लागून आहे, गाव तिथून वर चढावर. पावसाळ्यात पाणी वाढलं की त्या शेताच्या बांधावर मुंबई-वसईची माणसं गळ टाकून बसतात. त्यांतलेच एक पास्कल अंकल. वसईचे, पोट पुढे, मन मोकळं, मराठी आमच्यापेक्षा जोरात बोलणारे. ते दादाला म्हणाले, "हिराजी, इथे दोन तंबू टाक. खायला काय ते आम्ही आणू. फक्त आख्खं डुक्कर भाजायची सोय कर. आमच्याकडे लग्नाला, बारशाला, सणाला डुक्कर लागतंच, आणि सोसायटीत कोण भाजू देतो? माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, त्याची पार्टी इथंच करू. बेत जमला तर चर्चची सगळी माणसं नाताळपासून तुझ्याकडेच." अंकल बोलून गेले आणि दादाला झोप येईना. कारखाना सोडताना हातात जे आलं होतं ते सगळं त्याने तंबूंत आणि लोखंडात घालायचं ठरवलं.

आमच्या गावात डुक्कर कोणी खात नाही. रानडुकराने आमचा भात खायचा आणि आम्ही त्याच्या नावाने बोंब मारायची, एवढाच आमचा संबंध. त्यामुळे आख्खं डुक्कर भाजायला काय काय लागतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. मोबाईलवाला म्हणून निवडीचं खातं माझ्याकडे आलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायचो. त्या माणसांची ढेरीही अंकलसारखीच होती, आणि त्यांच्या शेगड्यांना काय काय जोडलेलं असायचं त्याला अंत नव्हता. फिरवायला मोटर, उलटायला जाळी, चरबी गोळा करायला ट्रे, कापायला बाजूची फळी, वर झाकण, त्यातून धूर जायला नळकांडं, ताप बघायला थर्मामीटर, ओढायला चाकं. रात्री जेवताना मी एकेक दाखवायचो. ताटात नाचणीची भाकरी, मुठ्यांचं, म्हणजे शेतातल्या खेकड्यांचं, कालवण, कधी टाकळ्याची भाजी. पत्र्यावर पावसाचा असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून आमचा शेगडीचा विचारविनिमय चाले.

"मोटर नको," दादा म्हणायचा. "लाईट गेली की डुक्कर एकाच अंगावर करपायचा. हँडल लाव. हात काय कुठं जात नाय."

"चाकं?"

"चाकं पायजेत. पाणी वाढलं तर ओढून वर घ्यायला."

"लाकडं बाजूला घसरतात, म्हणून दोन्ही बाजूंना आडवे अँगल लावतात. वरखाली होणारे."

"लाव."

"खाली राख पडायला ट्रे. ओढून काढायचा."

"लाव."

"आणि पाऊस?" हे वहिनीने विचारलं. तिने त्या शेगडीबद्दल विचारलेला हा एकच प्रश्न. पावसाळ्यात धंदा करायला निघालो होतो आणि पावसाचा विचार कोणी केला नव्हता. मग शेगडीला चार कोपऱ्यांत चार पाइप उभे करून वर पत्र्याचं छप्पर घ्यायचं ठरलं, डोक्याच्या वर उंच, म्हणजे धूर कोंडणार नाही. माझी बायको वनिता धसईची. तिचं माहेर बाजाराचं गाव, बोलायला कोणाला भीत नाही. ती म्हणाली, "आता तेवढी नंबरप्लेट लावा. पासिंग करून घेतलं की झालं."

थर्मामीटर मी मोबाईलवरून मागवला. तो आला तेव्हा त्याच्यावरचे आकडे आमच्या आकड्यांशी जुळेनात. परदेशी हिशेब होता तो. दादाने तो उलटसुलट करून बघितला. "एवढा ताप आल्यावर डुक्कर कशाला जगतोय," म्हणाला, आणि बऱ्याच महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन-चार वस्तू मागवल्या. सळईवर डुक्कर धरून ठेवायचे काटे मागवले, मोठे हातमोजे मागवले, कापायची फळी सुताराकडून करून घेतली. आज वाटतं, त्या दिवसांत आम्ही शेगडी निवडत नव्हतोच. एकेक वस्तू निवडली की दादाचं गावातलं राहणं तेवढं पक्कं होतंय असं आम्हाला वाटायचं. वस्तू संपत आल्या तसा मला कसलातरी धाक वाटायला लागला, पण तो कशाचा ते कळलं नाही.

शेगडी आली त्या दिवशी निम्मं गाव अंगणात होतं. भातलावणी उरकली होती, माणसं मोकळी होती. केशव मिस्त्रीने टेम्पोतून ती उतरवली, चाकं लावली, छप्पर चढवलं, हिरवा रंग कुठे खरचटला होता तिथे पुन्हा ब्रश फिरवला आणि निघून गेला. दादाने पोत्यात पेंढा भरून, दोन्ही बाजूंनी बांधून, त्याचं डुक्कर केलं आणि सळईला ओवून शेगडीवर चढवलं. मी हँडल धरलं. पोतं फिरलं. छान फिरलं. कुरकुर नाही, अडखळणं नाही. मी आणखी एक वेढा दिला आणि लोकांकडे बघितलं. कोणी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होतं, कोणी छपराकडे बघत होतं. तेवढ्यात वरच्या आळीची भिमाआत्या पुढे आली. ही आमची नात्याने आत्या नव्हे, सगळ्या गावाची आत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकटीचं खोपट, तोंडात विडी. तिने शेगडीला एक फेरी मारली, अँगलला हात लावून बघितला आणि पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "कोणाला निजवलाय रे हिराजी?"

कोणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले, दादा सोडून. मी पोत्याकडे पाहिलं, आणि शहापूरच्या त्या आवारात जे नीट पाहिलं नव्हतं ते तेव्हा मला दिसलं. चार बोटं वाढवलेली लांबी. दोन्ही बाजूंना लाकडं धरून ठेवणारे अँगल. खाली राखेचा ट्रे, वर पावसाचं छप्पर. केशव मिस्त्रीने आयुष्यात डुकराची शेगडी केली नव्हती. तो तालुक्यातल्या गावांना मसणवटीत मढं जाळायचे सांगाडे करून द्यायचा. तेच माप, तोच साचा, तोच हिरवा रंग त्याच्या हाताला होता, आणि त्यात जे कमी होतं ते आम्ही दोघा भावांनी रोज रात्री जेवताना, आवडीने, एकेक करून घातलं होतं. मिस्त्रीची चूक म्हणता येत नाही. त्याने माणसाचं माप घेतलं होतं.

हसणं थांबलं आणि लोक घरोघर गेले. त्या संध्याकाळी स्वयंपाकाला येणार होत्या त्या दोन बायांनी निरोप पाठवला, घरात दुखणं आहे. तंबू धरायला येणार होता तो माणूस म्हणाला, माझी म्हस व्यायलीय. रागावून कोणी बोललं नाही, आमची कोणी निंदा केली नाही. फक्त आमच्या शेताकडची पायवाट गवताने भरायला लागली. दादाने शेगडी खाली शेतात नेली आणि हिरव्यावर लाल रंग मारला. तो सुकल्यावर वनिता म्हणाली, "आता सवाष्ण वाटते." दादाला ते ऐकू गेलं नसावं, गेलं असलं तरी त्याने तसं दाखवलं नाही. तो रोज सकाळी शेगडी पेटवून बघायचा. कोणती लाकडं किती वेळ टिकतात, ओलं लाकूड सुकं करत कसं न्यायचं, विस्तव मध्ये कमी आणि दोन टोकांना जास्त कसा ठेवायचा, कारण मांड्या जाड असतात, असं अंकल फोनवर सांगायचे. अँगल वर घ्यायचा, खाली घ्यायचा, ट्रे ओढायचा, राख बघायचा. कारखान्यात तो मशीनवर होता. त्याच्या हालचालीत तीच शिस्त आली होती.

भिमाआत्या मात्र एका दुपारी आपण होऊन आली आणि ओटीवर बसली. "माझ्याच तोंडातून गेलं ना," म्हणाली, "मग मीच भाकऱ्या बडवीन तुमच्या पावण्यांना. मला कसला इटाळ लागतोय आता?"

"लोक नावं ठेवतील, आत्या," वहिनी म्हणाली.

"ठेवू दे गो. नाव ठेवायला तरी माझ्याकडं कोण येतंय."

त्या दिवशी दादाने शेगडीवर दोन गावठी कोंबडे लावले. वनिताने मसाला वाटला, मी हँडल फिरवलं. खायला गावातून कोणी आलं नाही. आम्ही घरचे आणि आत्या. तिच्या तोंडात दात मोजकेच, पण तिने तंगडी चघळून चघळून स्वच्छ केली आणि हाड दादाला दाखवून म्हणाली, "चव हाये रे तुझ्या विस्तवाला." मग माझ्याकडे वळून, "मोत्या, तू हँडल फिरवतोस का जांभया देतोस?" मला गावात मोतीराम म्हणतात, ती आणि दादा मोत्या म्हणायचे. त्या दुपारी पाऊस नव्हता, पाण्यावरून वारा येत होता, आणि जमेल असं मलासुद्धा वाटलं. असं वाटण्याची मला सवय नाही म्हणून ती दुपार लक्षात राहिली.

अंकलची पार्टी रविवारी होती. आषाढ संपत आला होता आणि पावसाने तो आठवडा सोडलाच नाही. शनिवारी सकाळी आत्या उरलेलं पीठ न्यायला यायची होती ती आली नाही. वहिनी छत्री घेऊन वर गेली आणि थोड्या वेळाने छत्री मिटून, भिजत परत आली. आत्या झोपेतच गेली होती. आदल्या दिवशी नेलेलं तांदळाचं पीठ तिने चाळून टोपलीत ठेवलं होतं, वर फडकं बांधून. वहिनीने ते सांगितलं आणि चुलीपुढे जाऊन बसली.

आमच्या गावात मयताला लोखंडी सांगाडा नव्हता. शेडही नव्हती, मंजूर आहे, मंजूर आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. मसणवट खाली पाण्याच्या अंगाला, जमिनीवर दगड मांडून त्यावर सरण. पावसात दोघे-चौघे पत्रे धरून उभे राहायचे. पण त्या शनिवारी पाणी एवढं चढलं होतं की दगडच दिसत नव्हते, आणि वरच्या उतारावर सगळा चिखल वाहत होता. जळणार कसं? अर्धवट राहिलं तर ते बघणार कोण? दुपारी पोलीस पाटील हरीकाका आले, बरोबर आणखी चौघं-पाच जण. ते ओटीवर आले नाहीत, अंगणात छत्र्या धरून उभे राहिले. हरीकाका पावसाबद्दल बोलले, धरणाचे दरवाजे उघडतील त्याबद्दल बोलले, आत्याला कोणी नाही म्हणून गावालाच करावं लागणार, हेही बोलले. मग शेताकडे मान वळवून म्हणाले, "तुझी ती गाडी, हिराजी. छप्पर हाये तिला."

मसणवटीत गेलेली वस्तू माघारी घरात येत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. हरीकाकांना ते माहीत होतं म्हणून ते छत्रीच्या दांड्याकडे बघत होते. दादा ओटीच्या खांबाला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघत होतो, कारण ठरवायचं त्याने. नको म्हणाला असता तर उद्याची पार्टी झाली असती, अंकल खूश झाले असते, आणि आम्ही त्या गावात राहिलो असतो, जिथे कोणी आमच्या दारात आलं नसतं. हो म्हणाला तर राहायला कारणच उरत नव्हतं. ज्या गावात राहता यावं म्हणून हे सगळं केलं तेच गाव अंगणात उभं होतं. वहिनी आतून आली. तिच्या हातात पाना होता, नट खोलायचा. तिने तो दादाच्या हातात दिला आणि पुन्हा आत गेली. भिवंडीला जायचं तिलाच होतं; पण पाना देताना तिचा चेहरा मी बघितला आणि त्याच्यात जिंकल्यासारखं काहीही नव्हतं.

आम्ही शेतात गेलो आणि शेगडी खोलायला घेतली. आधी हँडल काढलं. मग सळई, मग काटे. कापायची फळी काढली. थर्मामीटर काढला, तो कुठे ठेवावा कळेना म्हणून मी खिशात घातला. वरचं झाकण आणि त्याचं नळकांडं काढलं. चरबीचा ट्रे काढला. राखेचा ट्रे काढायला गेलो तर दादा म्हणाला, "तो राहू दे. लागेल." अँगल राहिले, छप्पर राहिलं, चाकं राहिली. एवढे दिवस जोडत गेलो होतो, आता काढत गेलो. आणि आमचं म्हणून जे घातलं होतं ते सगळं काढल्यावर जे उरलं ते बघून हरीकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. चाकं चिखलात रुतली. शेवटी चौघांनी खांदा दिला. मसणवटीच्या वरच्या उतारावर आधी शेगडी गेली, मग आत्या.

पुढचं मी लांबवणार नाही. एवढंच सांगतो की त्या पावसात, ओल्या लाकडांवर, आत्या नीट जळली. दादाने कोणाला हात लावू दिला नाही. विस्तव दोन टोकांना जास्त, मध्ये कमी. ओलं लाकूड आधी कडेला सुकवून मग आत. अँगल एक खाच खाली. ट्रे अर्धा ओढून वारा. ज्याचा सराव त्याने इतके दिवस केला होता ते सगळं त्याने एकदाच केलं आणि कुठेही चुकला नाही. माणसं पाठीमागे दाटीने उभी होती. हरीकाका माझ्या कानाशी म्हणाले, "असं साफ काम गावात कधी झालं नाय." मी मान डोलावली. या खेपेला कळलं होतं तरी डोलावली. आता तो सांगाडा तिथेच आहे. लाल रंग जळून गेला, लोखंड टिकलं. गावाने त्यावर पांढऱ्या रंगात 'सौजन्य' असं लिहून पुढे दादाचं नाव घातलंय. नंतर शेड झाली, रस्ता झाला, पाण्याच्या कडेने रिसॉर्ट झाले, तिथे शनिवार-रविवारी काय काय भाजतात त्याचा वास वर गावापर्यंत येतो. आमच्या बांधावर मात्र कोणी गळ टाकायलाही बसत नाही. तिथून मसणवट दिसते.

त्या शनिवारी रात्री अंकलना फोन दादानेच केला. मी शेजारी होतो.

"अंकल, उद्या येऊ नका. गावात मयत झालंय."

"अरेरे. घरातलं कोणी?"

"घरातलंच."

"मग पुढच्या रविवारी घेऊ. डुक्कर मी थांबवतो."

"शेगडी नाय आता. दिली."

"दिली? कुणाला?"

"गावाला," दादा म्हणाला.

अंकल भला माणूस. त्यांनी दोनदा 'सॉरी' म्हटलं, देव आत्म्याला शांती देवो म्हणाले. पार्टी त्यांनी दुसरीकडे कुठेतरी केली असणार. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत आणि आम्हीही फोन केला नाही. केशव मिस्त्रीकडून दुसरी करून घेऊ, असं मी एकदा बोललो. दादा म्हणाला, "कशाची?"

दिवाळीची वाट त्याने बघितली नाही. दसरा झाला आणि एका सकाळी टेम्पो आला, बहुधा तोच, शहापूरचा. वहिनीने भांडी गोणपाटात बांधली, पोरांची दप्तरं वर ठेवली. दादाने हातमोजे आणि काटे मला दिले. म्हणाला, कुंपणाला काटेरी तार लावताना हातमोजे कामाला येतील. थर्मामीटर माझ्याच खिशातून कपाटात गेला होता, त्याची आठवण कोणी काढली नाही. निघताना दादा म्हणाला, "मोत्या, खालच्या शेताचा बांध यंदा घाल. पाणी खातंय." मी म्हणालो, तू येशील तेव्हा बघू. तो म्हणाला, "तूच बघ," आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो चढावर गेला, वळला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग दुसऱ्या कसल्यातरी आवाजात मिसळला.

मी अंगणात उभा होतो. हरीकाका रस्त्याने चालले होते, ते थांबले. भाताची कापणी कधी धरायची, असं त्यांनी विचारलं. आजवर हे कोणी मला विचारलं नव्हतं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि ते "बरं, मोतीरामशेठ" म्हणून पुढे गेले. वनिता दारात उभी राहून हे ऐकत होती. एरवी तिने शेठवरून मला आठवडाभर सोडलं नसतं. ती ओटीवर बसली, पदराने हात पुसले आणि हळूच म्हणाली, "आता तुमाला मोत्या म्हणणारं कोणीच राहिलं नाय."